जेऊरचा माळ आणि ठाण्याची गच्ची



कामगार संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाने या व्यासपीठावर बोनस, महागाईभत्ता किंवा कंत्राटी पद्धत यांवर बोलावे, अशी आपली अपेक्षा असेल, तर ती वावगी नाही. परंतु आज मी आकाशाच्या छायाचित्रांविषयी बोलणार आहे. या विषयाची पदवी माझ्याजवळ नाही. जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयात आणि रात्रपाळीच्या मधल्या सुट्टीत. तेव्हा ज्योतिषशास्त्र शिकविण्याचा माझा अधिकार नाही. एका छायाचित्रामुळे मी अडचणीत आलो आणि त्या अडचणीने मला इतिहासाच्या मागे लावले, ती हकीकत तेवढी सांगतो.

२१ डिसेंबर २०२० ची संध्याकाळ आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. सूर्य मावळल्यावर नैर्ऋत्येला गुरू आणि शनी हे दोन ग्रह इतके जवळ आले होते की साध्या डोळ्यांना ते जवळजवळ एकच भासत. चंद्रबिंबाच्या रुंदीचा पाचवा हिस्सा एवढेच अंतर त्यांच्यामध्ये होते. १६२३ नंतर ते इतके जवळ आलेले नव्हते. टेंभी नाक्याजवळच्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर आमच्या युनियनचे एक निवृत्त टर्नर आपली लहानशी दुर्बीण घेऊन आले. अॅल्युमिनियमची पट्टी आणि रबर यांचा एक जुगाड त्यांनी घरीच केला होता. त्यात फोन अडकवायचा आणि फोनचे भिंग दुर्बिणीच्या नेत्रिकेसमोर बरोबर मध्यावर आणायचे. "भाऊ, श्वास रोखा आणि गच्चीवर कोणाला चालू देऊ नका," असे ते मला म्हणाले. पहिल्या वीस-पंचवीस चित्रांत नुसते पांढरे ठिपके उमटले. मग प्रकाश कमी घेतला, तेव्हा एका चित्रात गुरू, त्याचे तीन चंद्र आणि शेजारी लांबट शनी असे सगळे एका चौकटीत आले. आम्हा दोघांचा आनंद काय सांगावा! त्याच रात्री ते चित्र आम्ही व्हॉट्सअॅपवरून दहा जणांना पाठविले.

काही महिन्यांनी तेच चित्र माझ्याकडे परत आले. खाली भलत्याच गावाचे नाव होते आणि तारीखही भलतीच होती. मी लिहिले की हे चित्र आमच्या गच्चीवरचे आहे. त्यावर एका तरुणाने विनयानेच विचारले, "काका, कशावरून?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. ज्या फोनमध्ये मूळ चित्र होते तो पावसाळ्यात पाण्यात पडून निकामी झाला होता. व्हॉट्सअॅपवरून असे चित्र गेले की ते लहान होते, आणि त्याच्या पोटात फोनने लिहून ठेवलेली तारीख-वेळेची नोंद गळून पडते, हे मला पुढे कळले. वहीत आम्ही काहीच टिपले नव्हते.

"कशावरून?" हा प्रश्न मला नवा नव्हता. अकरा वर्षे राबलेला कामगार कोर्टात उभा राहतो, हाताचे घट्टे दाखवितो, आणि समोरचा वकील विचारतो, कशावरून? मस्टरवर नाव नसेल, पगाराची चिठ्ठी नसेल, तर अकरा वर्षे वाऱ्यावर जातात. इतरांना हा धडा जन्मभर शिकविणारा मी स्वतः मात्र एका आनंदाच्या संध्याकाळी तो विसरलो. तेव्हा वाटले की आकाशाची छायाचित्रे काढणारे जुने लोक हे कसे सांभाळीत होते, ते पाहावे.

पाहू लागलो तो पहिला धक्का विजयदुर्गावर बसला. किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' म्हणून काही ओटे दाखवितात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी लॉकियरसाहेबाने येथूनच सूर्यावरील हेलियम वायूचा शोध लावला, असे सांगतात. मीही हे अनेकदा सांगितले आहे. एकदा तर गेट मीटिंगमध्ये, आपल्या मातीचा अभिमान म्हणून. परंतु १८६८ च्या ऑगस्टमध्ये नॉर्मन लॉकियर इंग्लंडात होता. तो तेव्हा लंडनच्या युद्धखात्यात कारकून होता आणि ज्योतिषशास्त्र हा त्याचा फावल्या वेळचा नाद होता. ग्रहणाच्या पट्ट्यात जमखंडीस जॉन हर्शेल, गुंटूरला मेजर टेनंट आणि फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन अशी मंडळी होती. सौरज्वाला ग्रहणावाचूनही वर्णपटात पाहता येतील हे जान्सेनच्या गुंटूरलाच ध्यानात आले. लॉकियरने तीच गोष्ट २० ऑक्टोबर १८६८ रोजी लंडनमध्ये स्वतंत्रपणे साधली, आणि त्या प्रकाशातील पिवळी रेषा सोडियमच्या जागी बसत नाही हे त्याच्या लक्षात आले. हेलियम हे नाव त्यातून पुढे आले, आणि रॅम्से यास तो वायू पृथ्वीवर सापडण्यास १८९५ साल उजाडावे लागले.

मग विजयदुर्गाचे काय? लॉकियर विजयदुर्गावर आला होता, हे खरे. पण ३० वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. दोन ग्रहणे, दोन तारखा आणि एकच साहेब यांची लोकांच्या आठवणीत सरमिसळ झाली. आमच्या गुरू-शनीच्या चित्राचे काही महिन्यांत जे झाले, तेच येथे पिढ्यांच्या काळात झाले. विजयदुर्गाचा मान याने कमी होत नाही. कारण १८९८ च्या त्या दिवशी आपल्या मुलखात जे घडले, ते दंतकथेहून अधिक मोलाचे आहे.

त्या ग्रहणाची सावली कोकण किनाऱ्यावर उतरली आणि देश व वऱ्हाड ओलांडून ईशान्येकडे गेली. काळ कठीण होता. मुंबई-पुण्यात प्लेग होता, गिरणगाव ओस पडून पुन्हा भरत होते, आणि रँडच्या खुनाला सहा-सात महिनेच झाले होते. अशा दिवसांत तीन ठिकाणी छायाचित्रकारांचे तळ पडले. त्या तिन्ही तळांत मला तीन प्रकारच्या संघटना दिसतात.

पहिला तळ विजयदुर्गाचा. लॉकियरच्या मदतीला 'मेल्पोमीन' या आरमारी जहाजाचे अधिकारी आणि खलाशी होते. खग्रास अवस्था दोन मिनिटांच्या आसपास टिकायची. त्यात कोणी काच सरकवायची, कोणी झाकण काढायचे, कोणी सेकंद मोजून ओरडायचे, हे ठरलेले असे आणि त्याचा कवायतीसारखा सराव केलेला होता. ज्यांनी विज्ञानाचे पुस्तक उघडले नव्हते अशा खलाशांच्या हातांनी सूर्याच्या कडेचे वर्णपट काचेवर उतरले.

दुसरा तळ जेऊरचा. सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातील, पुणे-सोलापूर लोहमार्गावरचे हे स्थानक. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्बेल येथे ४० फूट लांबीचा कॅमेरा घेऊन आले होते. त्याच जेऊरला आपल्या पुण्याच्या सायन्स कॉलेजातील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांचाही तळ होता. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी ५,००० रुपये दिले, मुंबई सरकारने तेवढीच भर घातली, आणि त्यातून १८८८ साली पुण्यात तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. २० इंच व्यासाच्या आरशाची तिची दुर्बीण त्या काळी हिंदुस्थानात सर्वांत मोठी होती. जेऊरला नायगमवालांनी प्रभाकिरीटाची आणि वर्णपटाची छायाचित्रे घेतली आणि त्यांचा तपशीलवार अहवाल १९०२ मध्ये छापला. कोणते यंत्र, कोणती काच, कोणता क्षण, सर्व काही लिहिलेले. "कशावरून?" या प्रश्नाला त्या पारशी प्राध्यापकाने छापील उत्तर ठेवले आहे.

तिसरा तळ वऱ्हाडात तळणी येथे होता, आणि तो हौशी लोकांचा होता. ब्रिटिश अॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन ही हौशी निरीक्षकांची संस्था. तिची मंडळी विलायतेहून येऊन येथे उतरली. त्यांत अॅनी माँडर नावाच्या बाई होत्या. केंब्रिजला गणिताची परीक्षा त्यांनी उत्तम दिली होती, पण त्या काळी स्त्रियांना तेथे पदवीच मिळत नसे. ग्रिनिच वेधशाळेत महिना चार पौंड पगारावर त्या गणनेचे काम करीत. १८९५ मध्ये त्यांचे लग्न झाले आणि नियमाप्रमाणे नोकरी सोडावी लागली. लग्न झाले म्हणून बाईची नोकरी जावी, हा अन्याय माझ्या परिचयाचा आहे. परंतु या बाईंनी आकाश सोडले नाही. तळणीला त्यांच्याजवळ जो कॅमेरा होता त्याचे भिंग अवघे दीड इंच व्यासाचे होते. त्या एवढ्याशा भिंगाने प्रभाकिरीटाचा एक किरण असा टिपला की तोवर छायाचित्रात आलेल्या किरणांत तो सर्वांत लांब ठरला. शेजारच्या तळांवर मोठमोठी यंत्रे होती. हा किरण मात्र लहान कॅमेऱ्याच्या वाट्याला आला.

त्याच तळणीला जॉन एव्हरशेड नावाचा दुसरा एक हौशी गृहस्थ होता. लंडनमधील एका व्यापारी कंपनीत रसायने तपासण्याची नोकरी करून उरलेल्या वेळात तो सूर्य पाहत असे. हा नोकरदार पुढे कोडाईकनालच्या सरकारी वेधशाळेत आला आणि १९११ मध्ये तिचा संचालक झाला. आणि दैवयोग असा की १९१२ साली नायगमवाला निवृत्त झाले, पुण्याची वेधशाळा बंद करण्यात आली, आणि २० इंची दुर्बिणीसह तिची यंत्रे कोडाईकनालला रवाना झाली.

मित्रहो, येथे मी थबकलो. हिंदुस्थानातील सर्वांत मोठी दुर्बीण पुण्यात असून एका माणसाच्या निवृत्तीबरोबर पुण्याचे आकाश मिटले. दुर्बीण मोडली नव्हती, शास्त्र संपले नव्हते, नायगमवालांच्या निष्ठेतही काही उणे नव्हते. उणे होते ते त्यांच्यामागे उभे राहणारे मंडळ. चांगला पुढारी गेला आणि युनियन बसली, असे मी डोळ्यांनी पाहिले आहे. तो पुढारी कितीही मोठा असो, खात्याखात्यात माणसे तयार झाली नसतील तर त्याचे काम त्याच्याबरोबरच जाते.

पुढे २२ ऑगस्ट १९४४ रोजी पुण्यातच ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. ना महाराजाची देणगी, ना सरकारी कॉलेज; आकाशाची आवड असणाऱ्या सामान्य नागरिकांची ती संस्था. आज ८० वर्षे उलटून गेली तरी ती चालू आहे. १९८५-८६ मध्ये हॅलेचा धूमकेतू आला त्या सुमारास मुंबईत खगोल मंडळ उभे राहिले. वांगणीच्या माळावर रात्र रात्र जागून आकाश दाखविण्याचा त्याचा परिपाठ ठाणे-कल्याणच्या पुष्कळ मुलांनी अनुभवला आहे. कल्याणला आकाशमित्र मंडळ आहे. वेधशाळा गेली तेथे मंडळे आली, आणि मंडळे टिकली.

या मंडळांनी काय केले ते माझ्याच घरावरून सांगतो. १६ फेब्रुवारी १९८० रोजी कारवार-हुबळीकडे खग्रास ग्रहण होते आणि आपल्याकडे खंडग्रास. मी तेव्हा लहान मुलगा. आईने खिडक्या लावून घेतल्या, पाण्यावर तुळशीपत्रे ठेवली आणि आम्हा भावंडांना आत बसविले. मुंबई-ठाण्याचे रस्ते भर दुपारी ओस पडले होते. लोकांनी घराबाहेर पडून डोळे गमावू नयेत म्हणून दूरदर्शनने हिंदी चित्रपट लावला होता. आईला मी दोष देत नाही. तिला सुरक्षित चष्मा हातात देऊन "या, बघा" म्हणणारे कोणी भेटले नव्हते. पण त्या ग्रहणाचे आमच्या घरात एकही चित्र नाही, एकही नोंद नाही. १९९५ च्या ऑक्टोबरात ग्रहण आले तेव्हा तेच पाहण्यासाठी माणसे आगगाडीने उत्तरेकडे निघाली. पंधरा वर्षांतला हा फरक आपोआप पडला नाही. त्यामागे गावोगाव फिरणाऱ्या अशा कार्यकर्त्यांचे श्रम आहेत.

आता यंत्राकडे वळू. टेनंटने १८६८ मध्ये ग्रहणाची चित्रे घेतली ती ओल्या काचेवर. काचेला रसायन लावायचे, ओले असतानाच चित्र घ्यायचे आणि लगेच तंबूत नेऊन धुवायचे. पुढे कोरड्या काचा आल्या, मग फिल्म आली. १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत बॉइल आणि स्मिथ यांनी सीसीडी नावाची चकती बनविली. तिच्यात प्रकाशाचे थेट विजेत रूपांतर होते आणि त्या विजेचे आकडे होतात. या शोधास २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तिचीच स्वस्त भावंडे आज प्रत्येकाच्या फोनमध्ये आहेत.

फोन दुर्बिणीस लावला म्हणजे काय होते, ते साधे आहे. एरवी नेत्रिकेतून निघणारा प्रकाश आपल्या डोळ्यात शिरतो. येथे डोळ्याच्या जागी फोनचे भिंग बसते. ते जरासे बाजूस गेले की चित्र काळे होते, म्हणूनच आमच्या टर्नरच्या पट्टीचे मोल. चंद्र आणि ग्रह तेजस्वी असल्याने एवढ्यावर भागते. मंद तेजोमेघ मात्र असे हाती लागत नाहीत. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, तेव्हा दुर्बिणीनेही तितक्याच गतीने ताऱ्यामागे फिरत राहिले पाहिजे. आणि एक ताकीद: पुढच्या तोंडाला योग्य गाळणी लावल्याशिवाय दुर्बीण सूर्याकडे कधीही वळवू नये. फोन जाईल, आणि डोळा गेला तर तो दुकानात मिळत नाही.

लॅपटॉपचे काम यापुढचे. हवा सतत थरथरते, म्हणून कोणतेही एक चित्र पुरते नितळ नसते. त्यासाठी चलच्चित्र घ्यायचे, त्यातील हजारो चित्रांतून बरी तेवढी निवडायची आणि एकावर एक बसवायची. हे निवडण्याचे नि बसविण्याचे काम लॅपटॉप करतो. गेटवर शंभर माणसे एक घोषणा देतात तेव्हा कोणाचा आवाज फाटका असतो, कोणाचा मागे राहतो. तरी रस्त्यापलीकडे घोषणा स्वच्छ ऐकू जाते. तसेच येथे. शंभर चित्रे एकत्र केली की खरखर दहापट कमी होते आणि खरे तेवढे उरते.

पुण्यातील एका सोळा वर्षांच्या विद्यार्थ्याने मे २०२१ मध्ये हेच केले. ३ तारखेच्या मध्यरात्रीनंतर सुमारे चार तास त्याने चंद्राचा एकेक भाग टिपला. ५०,००० हून अधिक चित्रे आणि १८६ जीबी इतका ऐवज जमला. तो जुळविण्यास ३८ ते ४० तास लागले आणि लॅपटॉप जवळजवळ बंद पडायला आला. चंद्राचे ते रंगीत, रेखीव चित्र देशभर गाजले. ज्या पुण्यातून १९१२ साली दुर्बीण उचलून नेली, त्याच पुण्यात एक शाळकरी पोर घरच्या यंत्रांवर हे करतो! आणि हौशी माणसाचे चित्र केवळ शोभेचे नसते. १९ जुलै २००९ रोजी ऑस्ट्रेलियातील अँथनी वेस्ली या हौशी निरीक्षकाला दुर्बिणीस जोडलेल्या कॅमेऱ्यात गुरूवर एक नवा काळा डाग दिसला. काहीतरी गुरूवर आदळले होते. त्याने वेळेसह नोंद केली, कळविले, आणि जगातील मोठ्या दुर्बिणी तिकडे वळल्या.

वेस्लीचे चित्र पुरावा ठरले आणि आमचे ठरले नाही. यात यंत्राचा दोष नव्हता. त्याच्याजवळ नोंद होती, आणि ती ज्यांना कळवायची असे लोक होते. आमच्याजवळ दोन्ही नव्हते. जेऊरच्या माळावर, तळणीच्या तळावर जे शहाणपण होते ते आम्ही गच्चीवर विसरलो. आज टेंभी नाक्यावर उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या खिशात अॅनी माँडर यांच्या काचेहून अधिक संवेदनशील चकती आहे. रात्रपाळीहून येणारा हमाल, रिक्षावाला, धुणीभांडी करणारी बाई यांच्याही खिशात ती आहे. आकाशाचे छायाचित्र ही पूर्वी महाराजांच्या देणगीची आणि आरमाराच्या जहाजाची बाब होती. ती आज आपल्या आवाक्यात आली आहे. पण हातात यंत्र आले म्हणजे हक्क आला असे होत नाही. कामगाराला ते मी नव्याने सांगायला नको.

म्हणून आमच्या युनियनच्या कचेरीत आम्ही एक दोनशे पानी वही घातली आहे. मस्टरसारखे रकाने पाडले आहेत: तारीख, वेळ, ठिकाण, दुर्बिणीचे माप, कोणता फोन, आकाश कसे होते, आणि पाहणाऱ्याचे नाव. मूळ चित्र फोनमध्ये न ठेवता लगेच लॅपटॉपवर उतरवायचे, आणि त्याची एक प्रत दुसऱ्याच्या घरी ठेवायची. महिन्यातून एकदा गच्चीवर जमायचे. टेंभी नाक्याचे दिवे फार आहेत, नवरात्रात तर रात्रीचा दिवस होतो. त्या दहा दिवसांत आम्ही देवीच्या गर्दीत असतो आणि आकाशाला सुट्टी देतो. इतर दिवशी गच्चीवरचा एक दिवा तरी तासभर मालवा, एवढी विनंती सोसायटीला केली, आणि ती मान्य झाली.

वहीच्या पहिल्या पानावर २१ डिसेंबर २०२० ची नोंद मी लिहिली आहे. वेळेच्या रकान्यात "अंदाजे सव्वासात" आणि चित्राच्या रकान्यात "गहाळ" असे लिहावे लागले. त्याखालची पाने भरली आहेत. शेवटची नोंद गेल्या आठवड्यातली, आमच्या टर्नरच्या नातीच्या हातची आहे. वेळ तिने सेकंदापर्यंत लिहिली आहे.